सांजगारेचा मूळखडा

एका राज्यात एक डोंगर होता, आणि त्या डोंगराच्या पोटात संध्याकाळ साठत असे. रोज सूर्य कलला की उरलासुरला उजेड त्याच्या कपारींतून आत झिरपे, खडकाच्या शिरांत उतरे, आणि शंभर वर्षांनी त्याची बोटभर जाडीची, गारगोटीसारखी गार होई. दिवेलागणीच्या आभाळाचा रंग तिचा. तिला लोक सांजगार म्हणत. साऱ्या पृथ्वीवर ती त्या एका डोंगरात मिळे, आणि तिथेही वर्षाकाठी पाटीभरच.

सांजगारेचा गुण असा, की ती डोंगराला विसरत नसे. तिचा मणी मनगटाला बांधून माणूस समुद्रापलीकडे गेला, तरी सूर्य मावळताना मणी ऊन होई आणि मनगट डोंगराच्या दिशेने ओढी. ओढेल तिकडे चालत राहावे, मुलूख येई, घर येई. होडीच्या नाळेत, पुढच्या टोकाला, खडा बसवला की होडी सुकाणूवाचून बंदर गाठे. म्हणून त्या राज्याची माणसे निर्धास्त दूरदेशी जात. तिथे कोणी हरवल्याचे कोणाला आठवत नव्हते.

डोंगराच्या पायथ्याशी, खाणीच्या तोंडावर, सारजा नावाची पारखीण बसे. आतून वर आलेल्या दगडांतून खरी गार वेगळी काढणे हे तिचे काम. डोळ्यांनी ते होण्यासारखे नव्हते, कारण तशाच रंगाचे फसवे दगड तिथे पोत्यांनी निघत. सारजा खडा जिभेवर ठेवी. खोटा असला तर दगडाची चव लागे. खरा असला तर आईने भरवलेल्या पहिल्या घासाची चव लागे, ज्याची त्याची निराळी. सारजेला आंबिलीची लागे. ही खूण पारख्यांच्या घराण्याबाहेर कोणाला माहीत नव्हती.

तिचा नवरा लिंबाजी आत शिरेवर काम करी. सांजेला तो बाहेर आला की दोघे खाणीशेजारच्या खोपटात जेवायला बसत. लिंबाजी फारसे बोलत नसे. जेवता जेवता एकदा मान वर करून तिच्याकडे बघे, तेवढे तिला पुरे होई.

त्या राज्याचा राजा रणधवल. त्याची एकुलती एक कन्या कुमुदा समुद्रापलीकडे ग्रहगणित शिकायला गेली होती. सुगी सरली की येते, असा तिचा निरोप आला. सुगी सरायला दोन महिने होते, आणि राजाला ते दोन महिने निघेनात. तो रोज गच्चीवर उभा राही, आणि संध्याकाळी हिरमुसून खाली येई.

दरबारात तमाल नावाचा मांत्रिक होता. तो कुठून आला हे कोणाला ठाऊक नव्हते. तो म्हणाला, “महाराज, या सगळ्या मण्यांना ओढतो तो डोंगराच्या काळजातला मूळखडा. तो काढून सिंहासनाखाली ठेवा. राजकन्या एका दिवसात दारात उभी राहील.”

“डोंगर काय म्हणेल?” राजाने विचारले.

“डोंगर बोलत नाही, महाराज.”

राजाज्ञा झाली. सात गडी आत उतरले, त्यांत लिंबाजी होता. सातव्या दिवशी नारळाएवढा मूळखडा खाणीच्या तोंडाशी आला. आतून लिंबाजीने तो पुढे केला, बाहेरून सारजेने हात लावला.

“जपून धर,” तो म्हणाला. “जड आहे.”

तिने तो मांडीवर घेतला, जिभेचे टोक लावले आणि म्हणाली, “खरा आहे.” तिचा शब्द पुरा झाला आणि खाण मिटली. जिथे तोंड होते तिथे सपाट कातळ उभा राहिला. मग डोंगर बोलला. तो एकदाच बोलला, आणि साऱ्या राज्यात ऐकू आले.

“तुम्ही माझं घर मोडलंत. आता तुमचं घर तुम्हांला ओळखू येणार नाही.”

तसेच झाले. मनगटांवरचे मणी विझले. सकाळी रानात गेलेली माणसे संध्याकाळी गावात परतली, पण प्रत्येकाला आपले घर सोडून सगळी घरे ओळखू येत. शेजारी हाताला धरून दारापर्यंत नेत आणि सांगत, हे तुझे घर, ही तुझी मुले. तो माणूस दाराकडे बघे, मुलांकडे बघे, आणि म्हणे, “घर चांगलं आहे, पण माझं नाही.” आणि पुढे चालू लागे. मग लोकांनी दोर वळले. घराच्या खांबाला एक टोक, कमरेला दुसरे. विहिरीला जायचे तर दोर, शेतावर जायचे तर दोर. दोर हातातून सुटला नाही तोवर घर आपले. सगळ्या मुलखावर कोळ्याच्या जाळ्यासारखे दोर पसरले, आणि जे दूरदेशी होते ते दूरदेशीच राहिले.

मूळखडा सिंहासनाखाली गेलाच नाही. त्या धांदलीत तमाल तो सारजेच्या मांडीवरून उचलून नाहीसा झाला.

सारजा खाणीपासून हलली नाही. ती रोज सांजेला कातळाला कान लावी. आत हातोड्या वाजत. पहिल्या वर्षी सात वाजत होत्या. तिने लिंबाजीची ओळखली: दोन ठोके, मग थोडा थांबा, पुन्हा दोन ठोके. दुसऱ्या वर्षी एक हातोडी बंद झाली. तिसऱ्या वर्षी आणखी एक. ज्यांची बंद झाली त्यांच्या बायका कमरेला दोर बांधून येत, कातळाला कान लावून बसत आणि परत जात. सातव्या वर्षी एकटी लिंबाजीची हातोडी उरली. आणि एका सांजेला ती नुसता एक ठोका वाजून थांबली. पुष्कळ वेळाने दुसरा ठोका आला.

सारजेने तीन भाकऱ्या बांधल्या. खाणीपासून राजवाड्यापर्यंत एक जुना राजदोर ताणलेला होता, तो धरून ती राजाकडे गेली.

राजा रणधवल खिडकीशी बसला होता. त्याचे केस पांढरे झाले होते.

“महाराज, तमाल कुठे आहे?”

“पूर्वेला, तीनशे दारांच्या गडावर. मी तीन सरदार पाठवले. एकही परतला नाही.”

“मी जाते.”

“परतायचं कसं, ते ठाऊक आहे?”

“नाही.”

राजा म्हणाला, “माझी कुमुदा आली होती, बाई. चार वर्षांमागे. मण्यावाचून, विचारत विचारत. मी धावत वेशीपर्यंत गेलो. तिने मला नीट निरखलं. म्हणाली, ‘तुम्ही माझ्या बाबांसारखे दिसता. पण हे माझं घर नाही.’ तिने पाणी मागितलं, प्यायली आणि गेली.” त्याने खिडकीबाहेर बोट केले. “त्या रस्त्याने गेली.”

“अडवलं नाहीत?”

“आठ दिवस कोंडून ठेवली. आठही दिवस ती रडत होती की मला घरी जाऊ द्या. मग मी दार उघडलं.”

सारजेने नमस्कार केला आणि राजदोर सोडून दिला.

वेशीबाहेर एका वाळल्या सावरीवर धनेश पक्षी बसला होता. मोठी पिवळी चोच, वर शिंग. तो म्हणाला, “बाई, दोर कुठे टाकलास?”

“मला गडावर जायचं आहे.”

“गड मला माहीत आहे. मी सगळीकडे उडतो, कारण मला माझी ढोली सापडत नाही. माझ्या मादीने अंडी घातली तेव्हा मी तिला ढोलीत लिंपून घेतलं. चोचीपुरती फट ठेवली. फळ आणायला गेलो, त्याच दिवशी डोंगर बोलला. सात वर्षं मी तिला फळ नेऊन दिलेलं नाही.”

“सात वर्षांत ती...” सारजेने पुढचा शब्द गिळला.

“मेली नसेल. या शापात कोंडलेल्याला भूक नाही, वय नाही. विसर मात्र आहे. विसर पुरा झाला की तो जीव दगड होतो.”

सारजेला बंद पडलेल्या सहा हातोड्या आठवल्या. ती म्हणाली, “तुझं झाड कुठलं?”

“बेहडा. तीन ओढे मिळतात तिथला.”

“मला माहीत आहे. लाकडाला मी तिथे जात असे. चल, दाखवते. मग तू मला गड दाखव.”

ती पुढे चालली, धनेश वरून उडत आला. तीन ओढ्यांच्या संगमावर बेहडा उभा होता. खोडात लिंपलेली ढोली होती, आणि फटीतून पिवळ्या चोचीचे टोक दिसत होते. सारजा म्हणाली, “हे तुझं झाड.”

धनेश फांदीवर उतरला. इकडून बघितले, तिकडून बघितले. “झाड चांगलं आहे,” तो म्हणाला. “पण माझं नाही.”

“तुझंच आहे. मी शपथेवर सांगते.”

“माझ्या बेहड्याची सावली निराळी होती.”

“एक फळ तरी दे तिला.”

तिच्या समाधानासाठी त्याने उंबराचे एक फळ आणले आणि फटीपाशी धरले. आतल्या चोचीने ते घेतले, थोडा वेळ धरून ठेवले, आणि काय करायचे ते न कळून सोडून दिले. फळ पाचोळ्यात पडले. धनेश म्हणाला, “कोणाची तरी बिचारी आहे. चल, उशीर होतो.”

गडाची वाट पाच दिवसांची होती. पाचही दिवस ती मागे वळून वळून बघत राहिली. मागचा डोंगर तिसऱ्या दिवसापर्यंत तिला आपला वाटत होता. चौथ्या दिवशी तो नुसता एक डोंगर झाला.

तीनशे दारांच्या गडाला तीनशे दारे होती, आणि सगळी बाहेर उघडणारी. आत चूल नव्हती, अंथरूण नव्हते, तुळशीचे वृंदावन नव्हते. मधल्या चौकात तमाल बसला होता. तो आता म्हातारा झाला होता.

“खडा न्यायला आलीस?”

“होय.”

“तीन कामं करशील तर देईन. पहिलं हे.” त्याने टाळी वाजवली. चौकात एक हजार खडे उभे राहिले, सगळे नारळाएवढे, सगळे सांजेच्या रंगाचे. “यातला मूळखडा निवड. सूर्य मावळायच्या आत.”

सारजा पहिल्या खड्यापाशी बसली. जीभ लावली. दगड. दुसरा, दगड. दुपारपर्यंत तिची जीभ सोलवटून निघाली. रक्ताची चव आणि दगडाची चव एकच होऊन बसली. तरी ती एकेक करत राहिली. सूर्य कलला तेव्हा आठशे तेराव्या खड्यापाशी तिला आंबिलीची चव लागली, ताक जरा जास्त असलेल्या, तिची आई करी तशा. ती खड्याला टेकून तशीच बसून राहिली.

“हा,” ती म्हणाली.

तमालने भुवया उंचावल्या. “कसं ओळखलंस?”

“काम ओळखण्याचं होतं, सांगण्याचं नव्हतं. दुसरं सांगा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने एक दार उघडले. दारात लिंबाजी उभा होता. अंगावर खाणीची धूळ, खांद्यावर हातोडी, डाव्या भुवईवर जुना व्रण.

“हा खरा की खोटा, ते सांग,” तमाल म्हणाला. “खरा म्हणालीस तर तो तुझा, घेऊन जा. खडा मात्र राहील. खोटा म्हणालीस आणि तो खरा निघाला, तर तो गेला.”

लिंबाजी पुढे आला. तिच्याशेजारी, नेहमी बसे तसा, उजवा पाय दुमडून बसला. सारजेने त्याला पुष्कळ विचारले. लग्नात कोणते लुगडे होते. पहिल्या पावसाळ्यात खोपट कुठून गळले. मूल तिसऱ्या दिवशी गेले तेव्हा तो काय म्हणाला. त्याने सगळे बरोबर सांगितले. त्याचा आवाज तोच होता. त्याने मान वर करून तिच्याकडे बघितले, ते बघणेही तेच होते. सात वर्षे ती त्या बघण्यासाठी जगली होती. तिने त्याचा हात हातात घेतला, आणि तो ऊन होता.

मग ती म्हणाली, “मी नसताना, आत खाणीत, तुम्ही काय करत होता? दुपारी कोणाशेजारी बसून भाकरी खात होता? मला कधी सांगितलं नाहीत असं काही सांगा.”

लिंबाजी हसला, पण बोलला नाही.

“एखादी लहानशी गोष्ट. कशीही चालेल.”

तो नुसता हसत राहिला.

सारजेने हात सोडला. हात सोडायला तिला वेळ लागला. “खोटा आहे,” ती म्हणाली. “मला जेवढं आठवतं तेवढंच याला आठवतं.” दारातली आकृती धुरासारखी विरली. सारजेने पदराने तोंड झाकून घेतले आणि ती भिंतीकडे वळून बसली. तमालने तिला घाई केली नाही.

तिसऱ्या कामाला तो उठला नाही, टाळी वाजवली नाही. तो खाली बघत बोलला.

“मी चार-पाच वर्षांचा असताना एका मांत्रिकाने मला पोत्यात घालून नेलं. विद्या शिकवली, आणि बदल्यात गावाचं नाव, आईचं नाव, माझं नाव पुसून टाकलं. म्हणून मी तुमच्या राज्यात आलो. सगळ्यांना घरी नेणारा खडा मलाही नेईल असं वाटलं. तो हातात घेतला की रोज संध्याकाळी मला ओढतो. पण तुमच्या डोंगराकडे. माझं तिसरं काम हे: माझं घर शोध.”

सारजा चकित झाली नाही. चूल नसलेला गड तिने पाहिला होता. तिने मूळखडा उचलून त्याच्यापुढे धरला. “जीभ लावा.”

“का?”

“लावा. काय लागतं ते सांगा.”

तमालने जीभ लावली आणि डोळे मिटले. “नाचणी,” तो म्हणाला. “पातळ पेज. पाणी खारट आहे. आणि दाताखाली कच लागते, बारीक, चकाकणारी असावी अशी.”

“कच जात्याच्या दगडाची,” सारजा म्हणाली. दगडाची गोष्ट आली की तिचा आवाज खणखणीत होई. “चकाकणारी म्हणजे अभ्रकाची. अभ्रकाच्या दगडाचं जातं कोणी मुद्दाम करत नाही, जिथे दुसरा दगडच नाही तिथेच करतात. नाचणी डोंगरउताराची. खारं पाणी खाडीचं. डोंगर, खाडी आणि नुसता अभ्रकाचा कडा, हे तिन्ही एका ठिकाणी असेल ते तुमचं गाव.”

धनेश तटावरून म्हणाला, “दक्षिणेला असं एक आहे. कडा उन्हात आरशासारखा चमकतो. मी तिथून दोनदा गेलो आहे.”

तिघे निघाले. खडा सारजेच्या पाठीशी झोळीत होता. तमाल त्या राज्याचा नव्हता, त्यामुळे डोंगराचा शाप त्याच्यावर नव्हता. तरी गाव जवळ येऊ लागले तसे त्याचे पाय अडखळू लागले. खाडीच्या काठावर दहा-बारा घरे होती. एका अंगणात एक म्हातारी सुकट निवडत बसली होती. शेजारी जाते होते, त्याच्या कडा चकाकत होत्या. तिने मान वर केली. तमालकडे बघितले. त्याच्या कानामागे मसुराएवढा तीळ होता, तिथे तिची नजर गेली.

“तान्या,” ती म्हणाली, “इतका वेळ कुठं होतास रे?”

तो अंगणाच्या कडेलाच थबकला.

“आई वाट बघत गेली,” म्हातारी म्हणाली. “शेवटपर्यंत तुझी वाटी वेगळी ठेवायची. ये. पाय धुऊन आत ये.”

ज्याच्या शब्दाने हजार खडे उभे राहत, तो मांत्रिक बहिणीच्या अंगणात खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. मग त्याने सारजेपुढे हात जोडले. “खडा तुझा आहे. मी जे केलं ते मला उलटवता येत नाही. डोंगराचा शाप माझ्या विद्येच्या बाहेरचा आहे. खडा जिथून निघाला तिथेच बसला पाहिजे.”

“बसवीन,” सारजा म्हणाली.

परतीची वाट धनेशने दाखवली. आठ दिवस ती त्याच्या सावलीमागून चालली. कोरडे माळ गेले, साग गेले, दोन नद्या गेल्या. नवव्या दिवशी तिसऱ्या प्रहरी तो एका डोंगराच्या पायथ्याशी उतरला आणि म्हणाला, “आलो.”

सारजेने बघितले. एक काळा कातळ होता. शेजारी मोडकळीला आलेले खोपट होते, त्याच्या छपरावर गवत उगवले होते.

“हा माझा डोंगर नाही,” ती म्हणाली.

“तुझाच आहे.”

“माझ्या डोंगराचा माथा रुंद होता. माझं खोपट असं वाकडं नव्हतं. तू वाट चुकलास, धनेशा.”

“मी रोज इथून उडत होतो. तू इथे कान लावून बसायचीस ते मी वरून पाहिलं आहे.”

ती कातळापाशी गेली आणि कान लावला. काहीच ऐकू आले नाही. खडा परक्या डोंगरात बसवला, तर तो कायमचा तिथलाच होईल. मग राज्यात कोणाला घर सापडणार नाही, आणि लिंबाजी कुठल्यातरी दुसऱ्या डोंगरात दगड होऊन जाईल. आणि दिसत तर असे होते, की तिचा डोंगर अजून दूर आहे, त्या पलीकडच्या रांगेत, निळा आणि रुंद माथ्याचा. तिकडे बघताच तिचा जीव तिकडे धावला. तिने झोळी खांद्यावर सावरली आणि दोन पावले तिकडे टाकली.

मग ती थांबली. तिला बेहड्याखालच्या पाचोळ्यात पडलेले उंबर आठवले. त्या वेळी धनेश किती शांतपणे म्हणाला होता, की झाड चांगलं आहे पण माझं नाही. त्याला जराही शंका नव्हती. आणि ते झाड त्याचेच होते. तिला पक्के माहीत होते.

“धनेशा,” ती म्हणाली, “तू तेव्हा माझं ऐकलं नाहीस.”

“कधी?”

“राहू दे.”

ती मागे फिरली. परक्या कातळापुढे गुडघे टेकून बसली. परक्या दगडावर परके हात ठेवावेत तसे तिने हात ठेवले. मनातून एकही गोष्ट होय म्हणत नव्हती. सूर्य डोंगराआड जात होता. तिने मूळखडा झोळीतून काढला, डोळे मिटले आणि कातळाला टेकवला.

कातळ पाण्यासारखा मऊ झाला. खडा तिच्या हातांतून निघून आत गेला, खोल खोल गेला, आणि कुठेतरी आत बसल्याचा आवाज आला. तिने डोळे उघडले. समोर तिची खाण होती. शेजारी तिचे खोपट होते. वर तिचा डोंगर होता, आणि त्याचा माथा मुळीच रुंद नव्हता. कधीच नव्हता.

धनेश ताडकन उठला. “माझं झाड,” तो म्हणाला, आणि निरोप न घेता तीन ओढ्यांच्या दिशेने उडाला. सारजेला त्याचे वाईट वाटले नाही.

त्या सांजेला जगभर विझलेले मणी ऊन झाले. बंदरांत, धर्मशाळांत, परक्या शेतांवर बसलेली माणसे एकाएकी उठून उभी राहिली आणि आपल्या मनगटाकडे बघत चालू लागली. गावागावांत लोकांनी कमरेचे दोर सोडले. राजकन्या कुमुदा चाळीस दिवसांनी आली. या वेळी राजा वेशीपर्यंत धावला नाही. तो उंबऱ्यातच उभा राहिला, कारण त्याला वाटले, तिने दार स्वतः ओळखावे. तिने ओळखले. पुढे राजाने आज्ञा काढली, की मूळखड्याला कोणी हात लावायचा नाही, आणि सांजगार वर्षाला पाटीभरच निघेल. दोन महिने काय, दोन वर्षे लागली तरी माणसाने वाट बघावी, असे तो म्हणे. आणि तो स्वतः बघे.

पण त्या सांजेला खाणीच्या तोंडाशी सारजा एकटी होती. आतून पावले आली. सहा गडी बाहेर आले. दगडाचे झाले होते ते पुन्हा हाडामांसाचे झाले होते, अंगावरची खडी झटकत होते, आणि आपापल्या घराकडे चालले होते. सर्वांत शेवटी लिंबाजी आला. त्याचे वय एका दिवसानेही वाढले नव्हते. सारजेचे केस निम्मे पांढरे झाले होते.

तो थेट खोपटाकडे गेला आणि दारात थांबला. मग तिच्याकडे वळला. शाप सुटला की घर ओळखू येते, पण विसरलेले असते ते लगेच परत येत नाही.

“बाई,” तो म्हणाला, “हे घर माझं आहे असं वाटतं. तुम्ही कोण?”

“मी इथे राहते,” सारजा म्हणाली.

“मग मी आत येऊ का?”

“या.”

तिने त्याला काही आठवून दिले नाही. लग्नातल्या लुगड्याचे सांगितले नाही, मुलाचे सांगितले नाही. आठवणी त्याच्या हाती देऊन तिला तो गडावरच्या दारातल्या माणसासारखा करून घ्यायचा नव्हता. तो रोज शिरेवर जाई, ती खाणीच्या तोंडाशी खडे पारखी. सांजेला तो दारात येऊन उभा राही आणि विचारी, “येऊ का आत?” ती म्हणे, “या.” दोघे जेवत. तो पाहुण्यासारखा जेवण चांगले झाल्याचे सांगे आणि पडवीत निजायला जाई. शेजारणी म्हणत, सारजे, याचा काय उपयोग. ती म्हणे, तो रोज येतो ना.

पावसाळा गेला, थंडी गेली. उन्हाळ्याच्या तोंडाशी एकदा सारजा चुलीपुढे पाठमोरी बसली होती. भाकरी तव्यावर होती. मागे पावले वाजली. ती त्या प्रश्नाची वाट बघत थांबली, उत्तर तिच्या ओठांवर होते.

तो काही न विचारता आत आला. त्याने हातोडी कोपऱ्यात टेकवली, तांब्यातले पाणी पायांवर घेतले, ताटापाशी उजवा पाय दुमडून बसला आणि म्हणाला, “मीठ घाल जरा. काल कमी होतं.”

सारजेची भाकरी करपली. तिने ती तशीच उलटली.

अशी ही सांजगारेची हकीकत. जे लांब आहेत त्यांची पावले घराकडे वळोत, आणि जे वाट बघतात त्यांच्या चुलीवर तवा तापलेला असो.